सगळे कामात बुडालेत, पण काम हातावेगळं होत नाही? या चुका टाळा

टीममधल्या कोणालाही विचारा, हातात दहा कामं असतात. कॅलेंडर भरलेलं, इनबॉक्स तुंबलेला, संध्याकाळी उशिरापर्यंत लोक जागेवर. तरीही ग्राहकाला दिलेली तारीख पुन्हा पुढे ढकलावी लागते. अशा वेळी व्यवस्थापकाचं लक्ष आधी माणसांकडे जातं: कोण ढिला पडतोय, कोणाला आणखी काम देता येईल, कोणाचा फॉलो-अप कमी पडतोय. खरा दोष तिथे क्वचितच सापडतो. माणसं गुंतलेली असणं वेगळं आणि काम पूर्ण होणं वेगळं. पहिलं वाढवत नेलं की बऱ्याचदा दुसरं घटतं, आणि ते का घटतं हे साध्या गणितानंही दाखवता येतं.

नजर माणसांवर, कामावर नाही

बाकीच्या बहुतेक चुका या एकाच चुकीतून येतात. टाइमशीट, हजेरी, चॅटवरचा हिरवा ठिपका, दिवसाला पाठवलेले मेल यांतून एवढंच कळतं की माणूस कशात तरी गुंतला होता. काम कुठवर आलं, हे त्यातून कळत नाही.

एका कोटेशनचा प्रवास बघू. सोमवारी सकाळी ११ वाजता ग्राहकाची मागणी येते. विक्री विभाग १५ मिनिटांत ती नोंदवून तांत्रिक विभागाकडे पाठवतो. तिथे ती बुधवारपर्यंत पडून राहते, मग ४० मिनिटांत हिशेब तयार होतो. लेखा विभागात शुक्रवारी नंबर लागतो, तिथे २० मिनिटं जातात. एक आकडा स्पष्ट नाही म्हणून कागद परत येतो, पुढच्या सोमवारी १० मिनिटांत दुरुस्ती होते. बुधवारी सकाळी ११ वाजता साहेबांची सही होते, त्याला ५ मिनिटं. प्रत्यक्ष काम झालं ९० मिनिटं. मधे गेले ७ कामाचे दिवस, म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं ५६ तास. कामाला हात लागलेला वेळ एकूण वेळेच्या तीन टक्क्यांहूनही कमी भरतो. या सात दिवसांत एकही माणूस रिकामा बसला नव्हता.

आता इथे कामाचा वेग वाढवून काय मिळेल? सगळ्यांनी दुप्पट वेगानं काम केलं तरी ४५ मिनिटं वाचतील. थांबण्याचा वेळ निम्मा केला तर तीन दिवसांहून जास्त वाचतील.

हे आपल्याकडे मोजायचं असेल तर सॉफ्टवेअर लागत नाही. नुकतीच पूर्ण झालेली दहा कामं घ्या. ती सलग घ्या; चांगली चांगली निवडून घेतली तर मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: मागणी आली ती तारीख, पहिल्यांदा हात लागला ती तारीख, ग्राहकाच्या हाती पोचलं ती तारीख आणि प्रत्यक्ष कामाचे तास. तास अंदाजे चालतील. शेवटी, काम सर्वात जास्त कुठे थांबलं ते एका शब्दात लिहा: सही, माहिती, नंबर, दुरुस्ती. दहा ओळींत तोच शब्द चार-पाचदा आला, की हात कुठे घालायचा ते ठरलं. एक पथ्य मात्र कडक पाळा. या कागदावरून कोणालाही जाब विचारू नका. एकदा जरी विचारला तरी पुढच्या वेळी मिळणारे आकडे खोटे असतील.

सुरू केलं म्हणजे मार्गी लागलं, हा समज

मागणी आली की लगेच सुरुवात करायची, म्हणजे ‘तुमचं काम चालू आहे’ असं सांगता येतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, सांगणाऱ्यालाही. पण याची किंमत सगळ्याच कामांना मोजावी लागते.

एका माणसाकडे तीन कामं आहेत, प्रत्येक पाच दिवसांचं. एकामागून एक केली तर ती ५व्या, १०व्या आणि १५व्या दिवशी संपतात. तिघांनाही खूश ठेवायचं म्हणून रोज एकेक काम आलटून पालटून केलं, तर संपतात १३व्या, १४व्या आणि १५व्या दिवशी. तिसऱ्या ग्राहकाला काहीच फायदा झाला नाही आणि पहिल्याचं काम आठ दिवस लांबलं. शिवाय या हिशेबात एका कामातून दुसऱ्यात डोकं घालायला लागणारा वेळ शून्य धरला आहे. प्रत्यक्षात तो शून्य नसतो. कुठे थांबलो होतो, कोणती फाईल शेवटची, कोणाचं उत्तर यायचं होतं, हे दर वेळी नव्यानं आठवावं लागतं.

टीमच्या पातळीवर हाच हिशेब एका सूत्रात बसतो. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली: हातातल्या अपुऱ्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं पूर्ण होण्याचा दर गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. टीमकडे २४ कामं उघडी आहेत आणि आठवड्याला ४ पूर्ण होतात, तर एका कामाला सरासरी सहा आठवडे लागणार. पूर्ण होण्याचा दर तोच ठेवून उघडी कामं १२ वर आणली, तर तीन आठवडे. त्यासाठी कोणीही जास्त तास बसलेलं नसतं.

म्हणून उघड्या कामांना मर्यादा घाला. थेट निम्म्यावर उडी मारू नका, गोंधळ होतो. आज २४ असतील तर १८ ही मर्यादा जाहीर करा. जोवर १८ च्या खाली येत नाही तोवर नवीन काम सुरू करायचं नाही. नवीन मागण्या ‘सुरू न केलेल्या’ यादीत राहतील आणि मागणाऱ्याला तसं स्पष्ट सांगितलं जाईल. दोन-तीन आठवड्यांनी मर्यादा आणखी दोन-तीननं खाली आणा. ‘थांबलेली’ कामंही याच संख्येत मोजा. ती वगळली की पंधरा दिवसांत निम्मी कामं ‘थांबलेल्या’ रकान्यात जाऊन बसतात आणि मर्यादा नावापुरती उरते.

कॅलेंडरमध्ये तासभरही मोकळा नसणं

माणसाचा प्रत्येक तास भरलेला असला म्हणजे पगार वसूल झाला, असं वाटतं. कामं ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळेला आणि सारख्याच आकाराची येत असती तर ते चाललंही असतं. कार्यालयीन काम तसं येत नाही.

रांगेच्या अभ्यासातलं सर्वात साधं प्रारूप घेऊ: एक माणूस, कामं अनियमित येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त, सरासरी एक तास. त्या माणसाचा ५० टक्के वेळ भरलेला असेल तर नव्या कामाला नंबर लागायला सरासरी १ तास लागतो. ८० टक्के भरलेला असेल तर ४ तास. ९० टक्क्यांना ९ तास आणि ९५ टक्क्यांना १९ तास. भार ९० वरून ९५ वर नेला तर कामात जेमतेम साडेपाच टक्के भर पडते, पण ताटकळणं दुपटीहून जास्त वाढतं. तुमच्या टीमचे आकडे हुबेहूब हेच नसतील, पण भार आणि ताटकळणं यांच्या वक्राचा आकार असाच असतो.

व्यवहारात नियोजन उपलब्ध तासांच्या ७५ ते ८० टक्क्यांचंच करावं. आठवड्याचे ४० तास असतील तर ३० ते ३२ तासांचीच कामं ठरवून द्या. बाकीचे तास अचानक आलेली कामं, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर आणि राहून गेलेली दुरुस्ती यांत जातात. ज्यांच्याकडे सगळ्यांचीच कामं जातात, म्हणजे मंजुरी देणारे, तपासणारे, एकमेव तज्ज्ञ, त्यांना याहूनही मोकळं ठेवा. नेमकी हीच माणसं बहुतेक ठिकाणी सर्वात जास्त लादलेली असतात, आणि हे बदलल्याशिवाय बाकीच्या उपायांचा फारसा उपयोग होत नाही.

सगळ्यांनाच पळवणं

डिझाइन विभाग दिवसाला १२ नमुने देतो, तपासणी ५ करते, पाठवणी १० करू शकते. दिवसाला पूर्ण होणार ५. डिझाइनला बक्षीस देऊन १५ पर्यंत नेलं तरी पूर्ण होणार ५च, फक्त तपासणीपुढचा ढीग रोज ७ ऐवजी १० नं वाढेल. मग त्या ढिगातून ‘माझं आधी घ्या’ म्हणणारे फोन सुरू होतात. तपासणी करणारा ते फोन घेण्यात गुंततो आणि ५ चे ४ होतात.

अडलेली जागा ओळखायची खूण म्हणजे तिच्या आधी ढीग आणि तिच्या नंतरचे लोक वाट बघत बसलेले. ती सापडली की आधी नवीन माणूस घेऊ नका. तिथल्या माणसाचा एक दिवस नीट लिहून काढा. त्यातलं किती काम दुसरं कोणी करू शकेल? अहवाल भरणं, नावं नीट करणं, अपुरी माहिती मागवणं, मिटिंगला बसणं. हे काढून घेतलं तरच त्या जागेची खरी क्षमता कळते. मागच्या टप्प्याचा वेग तिच्या वेगाला बांधा. डिझाइनवाल्यांना मोकळा वेळ मिळाला तर त्यांनी नमुने पाठवण्याआधी स्वतः तपासावेत, पुढचा भार हलका होतो.

मिटिंग आणि अर्जंट

आठ जणांची दर आठवड्याची एक तासाची मिटिंग वर्षात ४८ वेळा झाली तर ३८४ तास, म्हणजे एका माणसाचे ४८ पूर्ण दिवस. त्यातून कोणते निर्णय झाले, हे सांगता आलं नाही तर ती बंद करून बघा. ‘काय चाललंय’ एवढंच सांगायला मिटिंग लागत नाही, टीमची सगळी कामं जिथे मांडलेली असतात त्या सामायिक फळ्यावर लिहिलं तरी पुरतं. निर्णयासाठी मिटिंग असेल तर आमंत्रणातच प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा: ‘जुन्या पुरवठादाराचा करार वाढवायचा की नाही?’ ज्यांच्याशिवाय उत्तर ठरू शकत नाही तेवढेच बोलवा. माणसं वाढली की आपसातले दुवे, म्हणजे दोघादोघांच्या जोड्या, झपाट्यानं वाढतात: ५ जणांत १०, १० जणांत ४५.

मिटिंगची वेळही बघा. सकाळी ११ आणि दुपारी ३ अशा दोन अर्ध्या तासाच्या मिटिंगा कागदावर एकच तास खातात, पण सलग विचार करायचं काम त्या दिवशी होत नाही. त्या पाठोपाठ घ्या, शक्यतो दिवसाच्या एका टोकाला.

‘अर्जंट’साठी एकच जागा ठेवा. एका वेळी टीममध्ये एकच काम अर्जंट. दुसरं आणायचं असेल तर पहिलं बाजूला ठेवायचा निर्णय आणणाऱ्यानं सांगायचा.

सोपं आहे म्हणून तेच मोजणं

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनधोरणाबद्दल मांडलेला मुद्दा कार्यालयात रोज अनुभवाला येतो: मोजमापावर दबाव टाकला की ते मोजमाप भरवशाचं राहत नाही. बंद केलेल्या तक्रारी मोजल्या तर तक्रार सुटण्याआधी बंद होते. फोनचा सरासरी कालावधी मोजला तर अवघड फोन पुढे ढकलले जातात. म्हणून एकटा आकडा लावू नका, त्याला त्याचा विरोधी जोडीदार द्या: बंद केलेल्या तक्रारींसोबत ३० दिवसांत पुन्हा उघडलेल्या तक्रारी, पाठवलेल्या कोटेशनसोबत दुरुस्तीला परत आलेली कोटेशनं.

अर्धंमुर्धं काम पुढे ढकलणं

पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ९० कामं पहिल्या फटक्यात बरोबर होतात. ऐकायला छान वाटतं. पण पाचही टप्प्यांतून एकदाही परत न येता बाहेर पडणारी कामं निघतात सुमारे ५९. उरलेली ४१ कुठेतरी मागे फिरतात आणि पुन्हा नंबर लावतात. टाइमशीटवर हा सगळा वेळ ‘काम’ म्हणूनच नोंदला जातो.

यावर उपाय दारातच हवा. काम हातात घ्यायला काय काय लागतं त्याची पाच-सात ओळींची यादी प्रत्येक टप्प्यानं लावावी. अपुरं आलेलं काम दोन दिवस ठेवून परत करण्यापेक्षा तासाभरात परत करावं. सुरुवातीला कटकट होते, ती सोसावी लागते.

बदल केला, तरी फरक दिसत नसेल तर

उघड्या कामांची संख्या कमी दिसते, पण ग्राहकाची तक्रार तशीच आहे: घड्याळ कुठून सुरू होतं ते तपासा. बहुधा ते ‘काम हातात घेतलं’ तिथून चालू होत असेल. ग्राहकाचं घड्याळ मागणी दिली त्या क्षणापासून चालतं.

मर्यादा घातल्यावर काही जण रिकामे दिसतात आणि व्यवस्थापक अस्वस्थ होतो: त्यांना नवीन काम देऊ नका. अडलेलं काम सोडवायला बसवा, नाहीतर तज्ज्ञाचं काम शिकायला द्या. एकाच माणसावर अडणारी कामं कमी करायची हीच संधी असते.

फळ्यावर सगळं आलबेल, तरी लोक थकलेले: फळ्यावर न चढलेली कामं आहेत. चॅटवर आलेली, बोलता बोलता सोपवलेली, वरिष्ठांनी ‘जरा बघ’ म्हणून दिलेली. एक आठवडाभर प्रत्येकानं अशी कामं चिठ्ठीवर लिहून फळ्याच्या बाजूला लावावीत, पाच मिनिटांचीसुद्धा. आठवड्याच्या शेवटी त्या चिठ्ठ्या कोणी दिल्या त्यानुसार वेगळ्या करा. सर्वात मोठा गठ्ठा ज्याच्या नावाचा निघेल, त्याच्याशी बोलून त्याच्या मागण्यांना फळ्यावर ठरलेली जागा द्या, आणि त्या धरूनच पुढची मर्यादा ठरवा.