जर्मनीतल्या दोघांच्या घरी सणवार कसे करावेत

नोकरीनिमित्त जर्मनीत आलेल्या जोडप्याला पहिल्या वर्षी सगळेच सण करावेसे वाटतात आणि बहुतेक वेळा त्यांतला एकही मनासारखा होत नाही. घरात माणसे दोनच, दोघांनाही कामावर जायचे असते, आणि गावाकडे जे काम आजी, जाऊ, शेजारीण आणि कोपऱ्यावरचा फुलवाला मिळून उरकतात ते सारे इथे त्या दोघांवर येते. म्हणून वर्षातले दोन किंवा फार तर तीन सण निवडावेत आणि ते नीट करावेत. उरलेल्या दिवशी देवापुढे निरांजन आणि ताटात एक गोड पदार्थ पुरे. निवडलेल्या सणांचे सगळे सामानही भारतातून बॅगा भरून आणण्याच्या मागे लागू नये, इथल्या दुकानांत आणि शेतांत काय मिळते ते पाहून सण मांडावा.

निवड जानेवारीतच करावी, कारण इथल्या कचेऱ्यांत वर्षभराच्या रजा फार आधी ठरतात. कायद्याने किमान चार आठवड्यांची, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात वीस दिवसांची रजा मिळते आणि भारतवारी त्यातूनच काढायची असते. उदाहरणार्थ, २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला, दसरा मंगळवारी २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला येते. सोमवारच्या चतुर्थीची रजा दोघांनी एकदमच मागावी. लक्ष्मीपूजन रविवारी आल्याने रजेचा प्रश्न सुटतो, पण रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध, फुले, पणत्यांसाठी तेल हे सारे शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात यायला हवे.

तारखा पाहताना पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरवर डोळे मिटून विसंबू नये. तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असला, तरी इथले घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, शिवाय सूर्योदय आणि माध्यान्हही वेगळे, त्यामुळे एखादा सण एका दिवसाने सरकू शकतो. संकष्टीचा चंद्रोदय तर नेहमी आपण राहतो त्या गावचाच धरावा लागतो. ज्या पंचांगात शहर निवडता येते ते वापरावे म्हणजे वाद मिटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते, हे दिवाळीआधी दोन्ही घरी कळवून ठेवावे: त्यानंतर पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असतात, आणि व्हिडिओ कॉलवर आरतीला बसायचे असेल तर त्या वेळी कामातून तासभर मोकळे व्हावे लागते.

दोघांच्या घरचे कुलाचार वेगळे असतील, तर त्याची बोलणी सणाच्या आदल्या रात्री करू नयेत. एकीकडे गणपती दीड दिवसाचा, दुसरीकडे पाच दिवसांचा. एकीकडे खड्यांच्या गौरी, दुसरीकडे मुखवट्यांच्या. दोन्ही आयांना आधीच फोन करून नैवेद्य आणि क्रम लिहून घ्यावा. कोणाचे काय ठेवायचे ते मग दोघांनी ठरवावे आणि ठरल्यावर दरवर्षी पुन्हा उकरून काढू नये. माझे मत विचाराल तर परदेशात दोघांच्या घरी दीड दिवसाचा गणपती हाच सर्वांत शहाणपणाचा. मुळात ती सोय म्हणून काढलेली पळवाट नसून कितीतरी घरांची जुनी रीतच आहे.

भारतातून काय आणावे, यापेक्षा काय आणू नये हे आधी माहीत असावे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, खवा आणि आईने कढवलेले तूपही नाही. ताजी फळे, फुले, पाने यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे दूर्वा, विड्याची पाने, आंब्याचे डहाळे आणि ओली हळद घरीच राहू द्यावीत. ज्या पाच फळांना ही अट नाही त्यांत नारळ आणि केळी आहेत, पण ती इथे कोपऱ्यावरही मिळतात, तेव्हा वजन कशाला वाया घालवावे? कापूर ज्वालाग्राही असल्याने तोही विमानात नेऊ नये; भारतीय किराणा दुकानात तो मिळतो. बॅगेत जागा द्यावी ती जानवी, वस्त्रमाळा, हळदकुंकू, सुपाऱ्या, अष्टगंध, मोदकाचा साचा आणि सोऱ्या यांना.

स्वयंपाकघराची अडचण मात्र वाटते तेवढी नसते. तुपासाठी कुठल्याही सुपरमार्केटात झाउअररामबुटर, म्हणजे आंबवलेल्या सायीचे लोणी, शोधावे. गोड सायीच्या लोण्यापेक्षा याचे तूप आपल्या घरच्या तुपाच्या वासाजवळ जाते. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात साधारण ८२ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा मंद आचेवर कढवून दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघते. श्रीखंडासाठी दही टांगण्याची गरज नाही. इथला क्वार्क म्हणजे जवळजवळ तयार चक्काच, फक्त बिनसायीचा न घेता पाकिटावर चाळीस टक्के लिहिलेला घ्यावा (हा आकडा पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो), फडक्यात बांधून चार-पाच तास फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवावा आणि मग पिठीसाखर, केशर, वेलची घालून फेटावा. त्याला आंबटपणा कमी असतो, म्हणून साखर नेहमीपेक्षा बेताने घालावी.

उकडीच्या मोदकांना आशियाई दुकानातले थाई तांदळाचे पीठ उत्तम लागते, कारण ते फार बारीक असते. फक्त पाकीट घेताना ते चिकट तांदळाचे नाही ना, हे वाचून पाहावे, नाहीतर उकड हातालाच चिकटून बसेल. पिठाइतकेच पाणी, चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण इथेही चालते. सारणासाठी गोठवलेला खवलेला नारळ त्याच दुकानात मिळतो, तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून पाणी निथळू द्यावे. पुरणपोळीला नुसती कणीक घेण्यापेक्षा तीत जर्मन टाइप ५५० चे गव्हाचे पीठ निम्म्याने मिसळले तर पोळी लाटताना फाटत नाही.

फुलांच्या बाबतीत हा देश आपल्याला उलट साथ देतो. गणपतीच्या दिवसांत डेलिया भरात असतो आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर ‘स्वतः तोडा’ अशी पाटी लावलेली फुलांची शेते असतात, जिथे चाकू ठेवलेला असतो, दर फळ्यावर लिहिलेले असतात आणि पैसे डब्यात टाकून लाल फुलांचा भारा घरी आणता येतो. झेंडू हवा असेल तर मेच्या मध्यावर, थंडीची शेवटची लाट ओसरल्यावर, बाल्कनीत रोपे लावावीत. दसऱ्याच्या तोरणापुरती फुले सहज निघतात. आपट्याची पाने मिळत नाहीत, पण शहरांतल्या रस्त्यांवर जिंकोची झाडे पुष्कळ आहेत, त्यांचे पान मध्ये चिरलेले असते आणि ऑक्टोबर सरत येताना ते खरोखरच सोन्यासारखे पिवळे होते. शास्त्रात बसते का हे विचारू नये, बसवून घ्यावे.

आता इमारतीचे नियम. शयनकक्ष आणि बाहेर पडण्याची वाट असलेला पॅसेज इथे धुराचा इशारा देणारे यंत्र कायद्याने सक्तीचे आहे, तेव्हा देव पॅसेजमध्ये मांडू नयेत. धूप आणि कापराच्या वेळी खिडकी पूर्ण उघडावी आणि यंत्र काढून ठेवण्याचा मोह आवरावा. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. झांजांची आरती संध्याकाळी आठच्या आत उरकावी आणि दोन दिवस आधी जिन्याच्या फलकावर एक सभ्य चिठ्ठी लावावी. जिना ही आगीच्या वेळची वाट असल्याने रांगोळी उंबऱ्याच्या आत किंवा पाटावर काढावी. फराळाच्या वेळीही हाच हिशेब: भाजणी दळणे, दाण्याचा कूट करणे ही मिक्सरची कामे शनिवारी आणि आवाज न करणारे तळण रविवारी. उरलेले तेल बेसिनमध्ये ओतू नये, बंद बाटलीत भरून साध्या कचऱ्यात टाकावे.

विसर्जनासाठी नदीवर जाऊ नये. नको असलेली घन वस्तू नदी-तलावात टाकण्यास इथल्या जलकायद्याची मनाई आहे आणि आपला भाव काय होता, हे तिथे कोणी विचारत नाही. कुंभारकामाची न भाजलेली माती हस्तकलेच्या दुकानातून आणून मूर्ती घरीच घडवावी, बादलीत विसर्जन करावे आणि मातीचे पाणी नळाच्या मोरीत न ओतता बाल्कनीतल्या कुंड्यांना घालावे. मूर्ती घडवणे जमत नसेल तर धातूची मूर्ती पुजून सुपारीचे विसर्जन करावे. निर्माल्यातला दोरा आणि चमकी काढून फुले-पाने जैविक कचऱ्याच्या डब्यात टाकावीत.

दिवाळीत फटाके नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. मोठे फटाके इथे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोनच दिवशी, तेही प्रौढांनीच उडवायचे असतात. बारा वर्षांवरील मुलांना फुलबाजीसारखा सौम्य प्रकार मात्र वर्षभर चालतो. आकाशकंदिलाला कोणाची हरकत नसते, आणि नाताळच्या दिव्यांच्या माळा ऑक्टोबरपासूनच दुकानांत दिसू लागतात. फराळ शेजाऱ्यांना आणि कचेरीत जरूर द्यावा, पण प्रत्येक डब्यावर शेंगदाणे, काजू, तीळ, गहू आणि तूप यांपैकी काय आहे ते जर्मन भाषेत लिहावे, कारण डबा उघडल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.