शेजारचं घर अर्धवट पाडून ठेवलंय? अर्ज असा लिहा

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये घराला घर चिकटलेलं असतं. आमचंही तसंच, दगड-मातीचं, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. शेजारच्यांची नि आमची एक भिंत सामाईक. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी त्यांनी वर मजला चढवायला म्हणून धाबं उतरवलं, सागवानी तुळया विकल्या, पुढच्या बाजूला दोन कॉलमच्या सळया उभ्या केल्या. मग भावाभावांत हिश्शावरून बिनसलं. मजूर गेले ते गेलेच.

तुळया काढल्या की भिंतीत खोबण्या राहतात. पाऊस भिंतीच्या उघड्या माथ्यावर पडतो, खोबण्यांतून आत मुरतो आणि दगडांमधली माती सोडवत जातो. आमच्या देवघरामागचा गिलावा फुगला. एका रात्री पोपडा पडला, आत हात घातला तर माती शिऱ्यासारखी मऊ लागली. त्या रात्री सासूबाईंची खाट मी पुढच्या खोलीत आणली.

आधी मालकाला फोन करा. मी थोरल्याला केला. "पैसाच नही वं वहिनी, काय करू?" म्हणाला. खोटं बोलत नव्हता. म्हणून मी त्याला एवढंच म्हटलं की घर राहू दे, भिंतीचा माथा झाकायची परवानगी दे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतली आणि ताडपत्री टाकली. तुम्हीही हे पहिलं करा, कारण कागद फिरेपर्यंत पाऊस थांबत नाही.

आता अर्ज. माझ्या पहिल्या अर्जात "काम बंद पडलंय, आम्हाला त्रास होतो" एवढंच होतं. तसं लिहू नका. ज्याचे पैसे संपले त्याच्याकडून महापालिका घर पुरं करून घेत नाही. धोका मात्र दूर करायला लावू शकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २६४ त्यासाठीच आहे. बांधकाम मोडकळीला आलं असेल, पडण्याजोगं असेल, शेजाऱ्याला किंवा रस्त्यानं जाणाऱ्याला धोक्याचं असेल, तर ते उतरवा, दुरुस्त करा, सुरक्षित करा, अडोसा घाला अशी लेखी नोटीस आयुक्त देऊ शकतात. नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला (ज्याच्या ताब्यात घर आहे त्याला) निघते, म्हणून भावांचा वाद मिटायची वाट बघत बसू नका. धोका अगदी तोंडावर असेल तर महापालिका नोटिशीआधीही कुंपण घालू शकते, भाग उतरवू शकते, आणि तो खर्च मालकाच्या माथी. धुळे आणि जळगाव २००३ पासून महानगरपालिका आहेत, तिथे हे कलम लिहा. अमळनेर, चोपडा, नंदुरबारला नगरपरिषद आहे. तिथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे.

दुसऱ्या अर्जात मी फक्त दिसणारं लिहिलं. भिंत किती फूट उंच, कोणत्या बाजूला झुकली, खालून शाळेची पोरं जातात, आमच्या घरात किती माणसं झोपतात. सोबत तारखेसकट फोटो. आणि एक काच. हे आमच्या ओळखीच्या गवंडीबाबांनी शिकवलं: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवायची, शेजारी पेन्सिलीनं तारीख टाकायची. भिंत हलली की काच तडकते. आमची तडकली. तडकलेल्या काचेचा फोटो पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी दोनदा मोठा करून बघितला.

मालकाचं नाव अंदाजानं लिहू नका, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढा. आमच्याकडे त्यावर अजून त्यांच्या आजोबांचं नाव होतं; मग अर्जात आजोबांसकट सगळे वारस लिहिले. वाढीव मजल्याची परवानगी होती का, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्षाची असते, पुढे मुदतवाढ घ्यावी लागते. ती संपलेली असली तर अर्जात तेही जोडा.

बाकीच्या तक्रारी वेगळ्या कागदावर. रस्त्यावरचा मलबा आरोग्य व स्वच्छता विभागाकडे, आणि उघड्या हौदात साचलेलं पाणी हिवताप विभागाकडे. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, तेव्हा तो कागद आधी द्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमच्याकडे नोटीस निघाल्यावर दोघं भाऊ एकत्र आले. भिंतीला बल्ल्यांचे टेकू लागले, माथ्यावर सिमेंटचा कोबा पडला, सळयांना टोप्या बसल्या. घर अजून अर्धंच आहे. मी काच नवीन लावलीय, आणि मिरगाआधी शिडी लावून कोब्याला चीर गेलीय का ते बघते.