थंडीतल्या बंद खिडक्या आणि श्वसनमार्गाचे विषाणू: घरात, प्रवासात आणि गर्दीत घ्यावयाची काळजी

निफाडचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की नाशिक शहरातही दिवेलागणीलाच खिडक्या लागतात, दाराच्या फटीत जुने कापड खोचले जाते आणि चार-पाच माणसांचे कुटुंब एकाच खोलीत रात्र काढते. सर्दी-खोकला आणि फ्लू या दिवसांत घरोघर फिरण्यामागे केवळ गारठा नसतो. एकमेकांनी सोडलेला श्वास त्याच खोलीत कोंडून राहतो, हे त्याचे एक मोठे कारण असते. म्हणून संसर्ग टाळण्याचा विचार हातांपासून नव्हे, तर हवेपासून सुरू करावा.

इन्फ्लुएन्झा (म्हणजेच फ्लू), आरएसव्ही (विशेषतः तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणारा विषाणू), ऱ्हायनोव्हायरस (साध्या सर्दीचा विषाणू), कोरोना, गोवर या सर्वांचा प्रवास रुग्णाच्या नाका-तोंडातून बाहेर पडणाऱ्या कणांमधून होतो. खोकताना वा शिंकताना उडणारे मोठे थेंब काही फुटांवर खाली पडतात. परंतु बोलताना, गाताना आणि अगदी शांतपणे श्वास सोडतानाही असंख्य सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. थेंब ५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा की लहान, यावरून संसर्गाचे दोन वेगळे कप्पे करण्याची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिभाषेत सोडून दिली, कारण प्रत्यक्षात लहानमोठे कण एकत्रच बाहेर पडतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो.

दूषित पृष्ठभागाला हात लावून तोच हात नाका-डोळ्यांना लावल्यानेही संसर्ग होतो, पण हा मार्ग बहुधा दुय्यम ठरतो. २०२० साली आपण दुधाच्या पिशव्या आणि भाज्या साबणाने धुतल्या, मात्र बंद खोलीतल्या बैठका सुरूच ठेवल्या; प्राधान्यक्रम उलटा लागला होता.

खोलीतील हवा कशी बदलावी

घरात हवा खेळते की नाही, हे पाहण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. खोलीत उदबत्ती लावावी, धूर पसरला की ती विझवावी आणि वास जायला किती वेळ लागतो ते पाहावे. विषाणू वाहून नेणारे सूक्ष्म कणही साधारण त्या धुरासारखेच वागतात. अर्ध्या तासानंतरही वास तसाच रेंगाळत असेल, तर त्या खोलीत आजारी माणसासोबत झोपणे जोखमीचे आहे, असे समजावे.

एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी व दार चार-चार बोटे उघडे ठेवावे. आरपार वारा वाहिला की थोडी फटही पुरते आणि थंडीही फार बोचत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांना चौक होता, त्यामुळे हवेला वर जायला वाट होती. आजच्या सदनिकेत ते काम स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्याकडून करून घ्यावे लागते. तो चालू ठेवून दुसऱ्या टोकाची खिडकी किंचित उघडल्यास घरभराची हवा बाहेर ओढली जाते. टेबलफॅन असल्यास खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. छताचा पंखा आणि स्प्लिट एसी यांच्यावर मात्र भिस्त ठेवू नये. पंखा तीच हवा घुसळतो आणि एसी तीच हवा थंड करून परत देतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी किंवा धूप यांनी खोली सुगंधित होते, निर्जंतुक होत नाही, आणि दम्याच्या रुग्णाला धुराचा त्रासच होतो.

वर्ग, शिकवण्या आणि कार्यालयांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये दिलेले उद्दिष्ट लक्षात ठेवण्याजोगे आहे: खोलीतील हवा तासाला किमान ५ वेळा बदलली पाहिजे. कॉलेज रोड परिसरातील काचा बंद आणि एसी चालू असलेल्या शिकवणीवर्गात मुलाला पाठवताना शुल्काबरोबर खिडक्यांचीही चौकशी पालकांनी अवश्य करावी.

घरात कोणी आजारी पडल्यास

फ्लूची लक्षणे संसर्गानंतर १ ते ४ दिवसांत दिसू लागतात आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे ताप आल्यावर काळजी घेणे थोडे उशिराचेच असते, तरीही उपयोगाचे असते. रुग्णाला शक्यतो हवेशीर खोली द्यावी. ते शक्य नसल्यास त्याची गादी खिडकीजवळ टाकावी आणि आजी-आजोबांची व तान्ह्या बाळाची झोपण्याची जागा तेवढे दिवस बदलावी. एकत्र असताना रुग्णाने आणि शुश्रूषा करणाऱ्याने, दोघांनीही मास्क लावावा. ताप उतरवणारे औषध न घेता २४ तास ताप नसेल, तेव्हाच कामावर किंवा शाळेत जावे आणि पुढचे ५ दिवस मास्क वापरावा.

कापडी मास्कपेक्षा सर्जिकल मास्क बरा आणि एन-९५ त्याहून चांगला. पण नाकाशी व गालाशी फट राहिली, तर महागडा मास्कही निरुपयोगी ठरतो. झडप असलेला मास्क रुग्णाने वापरू नये, कारण त्यातून त्याचा श्वास न गाळता बाहेर जातो. हात साबणाने २० सेकंद धुवावेत. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा असावा.

प्रवास, सिंहस्थ आणि लस

भरलेल्या सिटीलिंक बसमध्ये किंवा सहा आसनी रिक्षात मास्क लावावा आणि खिडकीची काच सरकवून ठेवावी. २०२७ मध्ये सिंहस्थातील स्नानांच्या निमित्ताने घराघरांत पाहुणे उतरतील. रामकुंडाचा घाट उघडा असला, तरी दाटीत माणसे एकमेकांच्या तोंडाशी असतात. त्याहून अधिक धोका मुक्कामाच्या भरगच्च खोल्यांत आणि प्रवासात असतो. फ्लूची लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती पर्वणीच्या तोंडावर घेऊन भागत नाही. ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ६ महिन्यांवरील बाळापासून देता येते. लहान मुलांना पहिल्या वर्षी ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती, मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेल्यांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

साधी सर्दी विश्रांतीने व पाण्याने बरी होते. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नयेत. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घ्यायला बसवू नये, कारण त्यात भाजण्याचा धोका असतो. जोखमीच्या गटातील व्यक्तीला फ्लूची शंका असल्यास पहिल्या ४८ तासांतच दाखवावे. ऑसेल्टामिव्हिरसारखे फ्लूच्या विषाणूवरील औषध तेव्हा सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे, किंवा बरे वाटल्यावर ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये. बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी: दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास, तसेच श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.