नाराला जायचंय? मग एक रात्र तिथंच काढा

जपानला जाणारे आपले बरेच लोक क्योटोला तीन दिवस देतात आणि नारा दुपारच्या तीन तासांत उरकतात. हरणांसोबत फोटो, मोठा बुद्ध, की परत ट्रेन. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण क्योटोच्या आधी, आठव्या शतकात, जपानची राजधानी इथं होती आणि तेव्हाच्या कितीतरी गोष्टी अजून जागेवर आहेत. दीड दिवस काढा, पुरतो.

सगळ्यात आधी हॉटेल. किंतेत्सु या खासगी रेल्वेच्या किंतेत्सु-नारा स्टेशनच्या आसपास किंवा नारामाचीत बघा, नारामाची म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांची वस्ती, अरुंद गल्ल्या आणि लाकडी जाळीची घरं. चार-पाच वाजले की दिवसापुरते आलेले टूरिस्ट निघून जातात आणि सगळा परिसर शांत होतो, मुक्काम करायचा तो याचसाठी. मोठ्या बॅगा ओढत नेऊ नका, क्योटोच्या हॉटेलमध्ये ताक्क्यूबिन म्हणून सांगा, त्या कुरिअरने बॅगा पुढच्या ओसाकाच्या हॉटेलवर जातात, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतात, तुम्ही फक्त एक सॅक घ्या.

क्योटोहून दोन रेल्वे आहेत. किंतेत्सुची लिमिटेड एक्सप्रेस साधारण 35 मिनिटांत पोचवते, तिला जादा तिकीट लागतं पण तिचं स्टेशन नारा पार्कच्या, म्हणजे हरणं आणि मोठी मंदिरं आहेत त्या भागाच्या, अगदी जवळ. जेआरची (जपान रेल्वे) मियाकोजी रॅपिड 45 मिनिटं घेते आणि उतरल्यावर पार्कपर्यंत वीसेक मिनिटं चाल आहे, तरी जेआर पास काढला असेल तर हीच घ्या, तो पास किंतेत्सुवर चालत नाही.

दुपारी पोचलात की सॅक टाकून कोफुकुजी मंदिरावरून चक्कर मारा. तिथल्या पाच मजली पॅगोडाची मोठी दुरुस्ती चालू आहे, काही वर्षं चालेल, त्यामुळे फोटोत दिसतो तसा तो दिसणार नाही. मग सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तोदाइजीच्या, म्हणजे मोठ्या बुद्धाच्या मंदिराच्या, मागच्या दगडी पायऱ्या चढून निगात्सुदो या त्याच्याच उंचावरच्या मंदिरात जा. तिकीट नाही, रात्रीही उघडं असतं, लाकडी सज्जात उभं राहिलं की खाली सगळं शहर आणि तोदाइजीचं प्रचंड छप्पर. इथला मार्चमधला मशालींचा विधी 752 पासून एकही वर्ष चुकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर उठायचंच. तोदाइजी एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातला उघडतं, थंडीत आठला, उघडतानाच दारात असा. आत जायच्या आधी मोठ्या वेशीत थांबून दोन्ही बाजूचे आठ मीटर उंच लाकडी द्वारपाल बघा, 1203 चे आहेत. आतला ब्राँझचा बुद्ध सुमारे 15 मीटरचा. आणि हे आपल्या लोकांना मी आवर्जून सांगतो, 752 मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन या दक्षिण भारतातून आलेल्या भिक्षूने. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या, म्हणजे डोळे रंगवण्याचं पुण्य सगळ्यांना. तो कुंचला अजून जपून ठेवलाय.

हरणं वाटेत भेटतीलच, हजाराच्या वर आहेत. फक्त तिथं विकतात तीच बिस्किटं द्या, बिस्किट वर धरून ताटकळत ठेवलं तर चावतात, मुलं सोबत असतील तर जास्तच सांभाळा. संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवा, त्यांना कळतं. प्लास्टिकची पिशवी आणि कागद सॅकमध्येच ठेवा, प्लास्टिक पोटात जाऊन तिथली हरणं मेली आहेत. तिथून झाडीतून कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान, दगडी आणि ब्राँझचे मिळून तीन हजार दिवे, पण ते सगळे लागतात फक्त फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये.

व्हेज असाल तर दाशी हा शब्द लक्षात ठेवा, माशाचा स्टॉक, तो मिसो सूपमध्येही असतो त्यामुळे नुसतं मांस नको सांगून भागत नाही. त्यापेक्षा सान्जो रस्त्यावर ताजी कुटून देतात ती हिरवी मोची (चिकट तांदळाचा मऊ गोळा) खा, आत लाल बीन्सचं गोड पुरण असतं.

अकराच्या सुमारास होर्युजी या मंदिराकडे निघा, जेआरने बाराएक मिनिटं आणि मग वीस मिनिटं चालत. तिकीट महाग आहे तरी सोडू नका, जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथं उभ्या आहेत. मुख्य मंदिरातल्या भिंतीचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करतात. 26 जानेवारी 1949 ला आग लागून मूळ चित्रं जळाली, आता दिसतात त्या नकला, पण अजिंठ्याचा पद्मपाणी पाहिलेला असेल तर त्यातल्या बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यासमोर पाय थांबतातच. परत नाराला यायची गरज नाही, त्याच स्टेशनवरून ओसाकाची थेट ट्रेन मिळते.