बोट विकून टाकायच्या आधी एवढं करून बघा

हल्ली बोटवाले मित्र भेटले की दहा मिनिटांत विषय पैशावर येतो. पेट्रोल वाढलं, जागेचं भाडं वाढलं, विमा वाढला, मेकॅनिकचं बिल तर विचारूच नका, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं की यंदा काढूनच टाकतो बोट. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. पहाटे सपाट पाण्यावर इंजिन बंद करून नुसतं बसण्यात काय असतं हे ज्याला कळलंय त्याने केवळ खर्चापायी ते सोडावं असं मला वाटत नाही, म्हणून जे मी स्वतः करतो आणि ज्याने खरंच फरक पडला तेवढंच लिहितोय.

आधी एक वही घ्या आणि मागच्या वर्षीचा सगळा खर्च दोन भागात लिहून काढा. एका बाजूला बोट जागची हलली नाही तरी होणारा खर्च म्हणजे जागा, विमा, नोंदणी, तळाचा रंग, वार्षिक सर्व्हिस. दुसऱ्या बाजूला बोट पाण्यात गेल्यावरच होणारा, म्हणजे मुख्यतः पेट्रोल. आपण सगळे चिडतो पेट्रोलवर, कारण ते दर वेळी खिशातून जाताना दिसतं, पण कधीमधीच बाहेर पडणाऱ्या माणसाची वही बघितली तर पहिली बाजूच जड निघते. आता ही पहिली बाजू वर्षभरातल्या फेऱ्यांनी भागा. वर्षात 6 फेऱ्या असतील तर एकेका फेरीवर जो बोजा येतो तोच 30 फेऱ्या केल्या की पाचवा हिस्सा होतो, आणि शिवाय बोट वापरात राहिली की इंजिनही नीट राहतं कारण उभ्या इंजिनात पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं, बॅटरी उतरते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की लांबच्या दोन मोठ्या सहलींपेक्षा जवळच्या वीस छोट्या फेऱ्या करा.

दुसरं, बोटीचा आकार. हे ऐकायला कोणाला आवडत नाही पण सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. 6 मीटरची बोट सोडून 9 मीटरची घेतली की लांबी दीडपट होते, पण त्याच ठेवणीची बोट असेल तर तळाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट आणि वजन तिपटीहून जास्त होतं. रंग क्षेत्रफळाप्रमाणे लागतो, आणि इंजिन, नांगर, दोर, ओढायची गाडी हे सगळं वजनाप्रमाणे वाढत जातं. जी बोट ट्रेलरवर घालून घरी आणता येते तिचं पाण्यातल्या जागेचं भाडं तर वाचतंच, शिवाय तळ पाण्यात भिजत पडत नाही म्हणून शेवाळ आणि शिंपले चिकटत नाहीत आणि तो महागडा रंगही बहुतेक वेळा लागत नाही. फक्त ट्रेलरकडे दुर्लक्ष नको. गरम झालेलं चाक तसंच थंड पाण्यात बुडवलं की बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं, त्यामुळे धक्क्यावर पोचलं की थोडा वेळ थांबा, चाकं निवू द्या, खाऱ्या पाण्यातून आलं की ट्रेलरही गोड्या पाण्याने धुवा आणि ग्रीस वेळच्या वेळी बदला.

आता पेट्रोल. फोर स्ट्रोक आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, ढोबळ हिशोब असा की फुल थ्रॉटलला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 0.38 लिटर जातं, म्हणजे 40 हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला 15 लिटरच्या आसपास पितं. थ्रॉटल थोडा मागे घेतला तरी हा आकडा धाडकन खाली येतो. पाणी कापत सावकाश जाणाऱ्या बोटींमध्ये लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून 6 नॉटऐवजी 5 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) गेलं तर 10 सागरी मैलांना 1 तास 40 मिनिटांऐवजी 2 तास लागतात, पण तेवढ्याच अंतराला पेट्रोल जवळजवळ 30 टक्के कमी जातं. वीस मिनिटं उशिरा पोचायचं आणि तीस टक्के वाचवायचं, मला तरी हा सौदा कायम पटतो. अशा बोटीला वरची मर्यादाही असते, पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा, आला तो नॉटमधला वेग. 16 फुटांना साधारण 5.4, 25 फुटांना 6.7. याच्या पुढे थ्रॉटल ढकलला की बोट फक्त मोठी लाट उठवते आणि त्या लाटेचे पैसे आपण भरतो. पाण्यावर उचलून पळणारी बोट असेल तर नियम वेगळा, तिथे मधला वेग सगळ्यात वाईट, नाक वर आणि शेपूट पाण्यात घुसलेली. एकतर एकदम सावकाश जा नाहीतर नीट उचलून घ्या, माणसं आणि सामान पुढे सरकवून ट्रिम, म्हणजे बोटीचा पुढचा-मागचा तोल, बसवा आणि उचललेली राहील इतपतच थ्रॉटल ठेवा.

भरती-ओहोटीचं तक्ता बघणं म्हणजे तर फुकटचं इंजिन आहे. समजा बोटीचा वेग 5 नॉट आणि प्रवाह 2 नॉट. प्रवाहाबरोबर गेलात तर 10 सागरी मैलांना 1 तास 26 मिनिटं, उलट गेलात तर 3 तास 20 मिनिटं. इंजिन तासाला 3 लिटर पीत असेल तर एकीकडे सव्वाचार लिटर आणि दुसरीकडे 10 लिटर. निघायची वेळ तक्ता बघून पुढेमागे केली की एवढा फरक पडतो, आणि लोक मात्र घरातून निघायला सोयीचं म्हणून भर ओहोटीत उलट तोंड करून निघतात.

तळ स्वच्छ ठेवा हे सगळे सांगतात, पण पंख्याबद्दल, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरबद्दल, कमी बोललं जातं. नेहमीच्या वजनाने बोट भरून एकदा मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटलला आरपीएम बघा. कंपनीच्या पुस्तकात समजा 5000 ते 6000 दिलंय आणि तुमचं इंजिन 4500 च्या वर जातच नाही, तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो बोट जितकी पुढे ढकलू बघतो ते अंतर, जास्त आहे आणि इंजिन चढावर वरच्या गिअरमध्ये रेटल्यासारखं चाललंय, पेट्रोलही जातं आणि इंजिनाचं आयुष्यही. पिच एक इंच कमी केली की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. पात्याची कड चेपली असेल तर तीही दुरुस्त करून घ्या, नवीन पंखा घेण्यापेक्षा खूपच कमी खर्चात होतं ते.

बोटीतलं फालतू सामान वर्षातून एकदा सगळं बाहेर काढा. आमच्या बोटीत मागच्या वेळी जुना नांगर, दोन ओले दोर, अर्धवट रंगाचे डबे आणि न वापरलेली पाण्याची टाकी निघाली, नुसत्या त्या टाकीतलंच पाणी 60 लिटर म्हणजे 60 किलो, एक माणूस वर्षभर फुकट फिरत होता.

आता जिथे स्वतःचे हात वापरून सगळ्यात जास्त वाचतं ते, म्हणजे इंजिनाची देखभाल. खाऱ्या पाण्यातून आलात की दर वेळी, म्हणजे खरंच दर वेळी, गोड्या पाण्याने 10-15 मिनिटं फ्लश करा. इंजिन थंड करून मागे जी पाण्याची बारीक धार पडते तिच्याकडे लक्ष ठेवायची सवय लावा. माझ्या इंजिनाची धार एका हंगामात बारीक झाली, मी धारेच्या भोकात तार घालून ती साफ केली आणि बरं वाटलं म्हणून सोडून दिलं, दोन फेऱ्यांनंतर भर पाण्यात ओव्हरहीटचा अलार्म वाजला. घरी येऊन खालचा भाग उतरवला तर पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी दोन तुटलेल्या, आणि ते तुकडे वर जाऊन थर्मोस्टॅटपाशी अडकले होते. तळहातावर मावेल एवढं ते रबरी चक्र, वेळेत बदललं असतं तर काहीच झालं नसतं. तेव्हापासून वर्षातून एकदा किंवा 100 तासांना, जे आधी येईल तेव्हा मी स्वतः बदलतो. काम अवघड नाही, इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवा, नवीन इम्पेलरला साबणाचं पाणी लावा आणि पंपाचं झाकण खाली दाबताना शाफ्ट इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवत राहा म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. जुन्याच्या पाकळ्या मोजा, एखादा तुकडा कमी असेल तर तो आत कुठेतरी आहे, तो शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू नका. आणि पाण्याशिवाय इंजिन चालू करून बघायचं नाही, अगदी थोडा वेळसुद्धा नाही.

इंजिनाच्या खालच्या भागातलं गिअर ऑइलही घरी बदलता येतं. खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा, तेल उतरू द्या. भरताना खालून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग खालचा, वॉशर दोन्हीकडे नवीन. उतरलेलं तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. मला एकदा असंच तेल बघून एका मेकॅनिकने सांगितलं की खालचं अख्खं युनिटच बदलावं लागेल, मी घाबरून जवळजवळ हो म्हणणार होतो, पण दुसऱ्याकडे प्रेशर टेस्ट करून घेतली तर फक्त पंख्याच्या शाफ्टचं सील गेलेलं. पंखा काढल्यावर मागे तंगूस गुंडाळलेली दिसली, गळाची तीच नायलॉनची दोरी, इतकी घट्ट की ब्लेडने कापून काढावी लागली, तिनेच सील कापलं होतं. म्हणून मोठं बिल समोर आलं की दुसरं मत घ्याच, आणि हंगामात दोन-तीनदा पंखा काढून मागे बघा, तेवढ्यात पंखा बसतो त्या शाफ्टच्या दातऱ्यांना ग्रीसही लावून टाका.

पेट्रोल साठवून ठेवू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, इंजिन नेमकं तेच ओढतं. लागेल तेवढंच भरा, बोट बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध, घाला आणि तेवढं पेट्रोल इंजिनात फिरेपर्यंत इंजिन चालवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. बॅटरी उतरलेली ठेवली की मरते, साधी लेड ॲसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवूच नका. इंजिनाला जो बळीचा धातू लावलेला असतो, ॲनोड, तो इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो, निम्मा झिजला की बदला आणि त्यावर चुकूनही रंग लावू नका. खाऱ्या पाण्याला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा, हे उलटं केलं की महागात जातं.

काही ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका, यावर माझं मत अगदी पक्कं आहे. लाइफ जॅकेट, तळातलं पाणी उपसायचा पंप, पेट्रोलचे पाइप आणि क्लॅम्प. आतल्या इंजिनाच्या पेट्रोल बोटीला गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त पडतो म्हणून बरेच जण लावतात, दिसायला तो सारखाच असतो, पण बोटीच्या पार्टमधली ठिणगी बाहेर येणार नाही अशी त्याची रचना असते आणि गाडीच्या पार्टची नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते, गाडीसारखी खालून निघून जात नाही. एक ठिणगी पुरते. कृपा करून इथे पैसे वाचवू नका.

एवढं करूनही झेपत नसेल तर बोट विकण्याआधी भागीदार शोधा. तिघांत एक बोट असली की न वापरताही होणारा तो पहिला खर्च तिसरा हिस्सा होतो आणि बोटही वर्षात जास्त दिवस वापरात राहते. पण मैत्री आहे म्हणून तोंडी ठरवू नका, कागदावर लिहा. सुट्टीचे दिवस कोणाचे, कोणाच्या हातून मोडलं तर कोण भरणार, विम्यात तिघांचीही नावं आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरणार. हे शेवटचं लिहिलेलं नसलं की चांगली मैत्री तुटते, मी बघितलंय. बोटीत एक वही ठेवा, निघताना आणि आल्यावर इंजिनाचे तास, भरलेलं पेट्रोल, जे काही खटकलं ते, आवाज वेगळा वाटला, धार बारीक वाटली, सगळं ज्याने त्याने लिहायचं आणि पुढच्याने दोरी सोडायच्या आधी वाचायचं.