जुन्या घराचं वायरिंग बदलताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी घरं उघडली की चित्र ठरलेलं: लाकडी पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमची वायर आणि त्याच लायनीवर नंतर चढवलेले गीझर, इंडक्शन, एसी. ती वायर ओढली तेव्हा घरात दिवे, पंखे आणि फार तर रेडिओ होता.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच) सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. जळका वास येतोय म्हणून एका घरी मला बोलावलं. दीड स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरच्या एकाच लायनीवर ३००० वॅटचा गीझर, २००० ची इंडक्शन, १००० ची इस्त्री. ६००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २६ अँपिअर. १६ चा एमसीबी पडायचा, आणि पडायलाच हवा होता. कुणीतरी ३२ चा बसवून दिला, घरचे खूश. मी वायर ओढायला गेलो तर हलेना. इन्सुलेशन वितळून फेज, न्यूट्रल आणि पाईप एकजीव झालेले, आणि वर सागवानी तुळया. भिंत फोडावी लागली.

मी वायरचं बंडल सोडण्याआधी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने उपकरणं आणि वॅट लिहितो, २३० ने भागतो. दिवे-पंख्यांना दीडची वायर, १० चा एमसीबी. १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, १६ चा. गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची लाईन, २० चा. ‘गणपतीच्या आत उरका’ म्हणणाऱ्यांना हा एक दिवस जड जातो. मी तो सोडत नाही.

दुसरी चूक: जुनी अ‍ॅल्युमिनियम ठेवून पुढे तांब्याची वायर पिळायची, वर टेप. तापल्यावर दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, ओलीने जोड गंजतो, ढिला पडतो आणि तिथेच जळतो. आपल्याकडे पावसाळाभर मातीच्या भिंती ओल्या असतात. अ‍ॅल्युमिनियम पूर्ण काढा.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दिवा लावताच पडतो? आधी न्यूट्रल तपासा, बहुतेकदा दुसऱ्या सर्किटचा त्यात बांधलेला सापडतो. ‘आरसीसीबीच काढून टाका’ म्हणणाऱ्याच्या हातात काम देऊ नका.

अर्थिंगची हिरवी वायर गाळू नका.

पंचगंगेचं पाणी शिरतं त्या गल्लीत २०१९ च्या पुराची खूण कमरेइतकी असेल तर सॉकेट तिच्या वर घ्या.

गिलावा करण्याआधी पाईपांचे फोटो काढा, शेजारी मोजायची टेप धरून.