रेवाल घोड्याला ड्रेसाजचे धडे देण्याआधीची तयारी

दसरा झाला, रानांना वापसा आला, की माण-खटावात आणि कृष्णाकाठी घोडं कामाला लावायचा हंगाम सुरू होतो. रेवाल चालीचा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा दारात असेल आणि त्याला ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यावर ठरलेल्या हालचाली मोकळ्या अंगाने करणं, शिकवायचं मनात असेल, तर खोगीर चढवण्याआधी काही कामं उरकून घ्या.

सगळ्यांत आधी चाल ओळखा. खरी रेवाल चार ठोक्यांची, चारही टापा सुट्ट्या आणि सारख्या अंतराने पडतात. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडू लागले की चाल दोन ठोक्यांवर येते. तेव्हा बहुतेक वेळा घोड्याची पाठ ताठलेली असते, मान वर ओढलेली असते. डाव्या बाजूच्या दोन्ही पायांना लाल फडकं बांधा, कोणाला तरी घोडा चालवायला सांगा आणि बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. दोन्ही फडकी एकदमच उचलली गेली, तर काम कुठे आहे ते कळलं. मग डांबरी रस्त्यावर पाठमोरं उभं राहून नुसत्या टापा ऐका. कान लवकर तयार होतो. हे चित्रण पुसू नका, महिन्याभराने लागेल.

चाल घोड्याच्या रक्तात असते. आइसलँडच्या घोड्यांवरच्या अभ्यासातून 2012 साली त्यांच्या अशाच चालींमागचा डीएमआरटी3 जनुकातला बदल उजेडात आला. त्यामुळे ड्रेसाजने चाल नवी घालायची नाही, पाठ मोकळी करायची आणि मागचे पाय पोटाखाली आणायचे. ड्रेसाजच्या शिकवणीच्या क्रमात लय पहिली येते ती उगाच नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकल्यापासून पोरांना तसंच करायचं असतं, पण ते घोडे दुडकी चालणारे युरोपीय जातीचे. नेहमीच्या स्पर्धेत दुडकी लागतेच. रेवाल घोड्याला त्यासाठी दुडकीवर रेटू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

काटेरी कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) घरात असेल तर ते आजच काढून टाका. जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी त्याला बंदी आहे, आणि तोंड दुखत असलेला घोडा पाठ सैल सोडणारच नाही. साधं, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेलं कडियाळं घ्या. त्याआधी दात तपासून घ्या. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. खोगीर फऱ्याच्या हाडामागे बसतंय ना, हे त्याखाली हात सरकवून बघा. नालबंदाला आधीच सांगून ठेवा: सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलायचे, जड नाल नको, खुराची चवडी, म्हणजे पुढचं टोक, लांब ठेवायची नाही. चाल बिघडण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

मैदान 20 बाय 40 मीटरचं, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे. काळ्या रानात आखू नका, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. मुरमाड, सपाट जागा बघा, खडे वेचा, कडेला चुना मारा. घोड्याने ओलांडून जावं म्हणून जमिनीवर टाकायला चार जाड बांबू लागतील. बांबू गोल असतो, पाय पडला की घरंगळतो, म्हणून दोन्ही टोकांना मातीची पोती टेकवा. जोडीने पाय टाकणाऱ्या घोड्याची लय सुटी करायला हे बांबू फार उपयोगी पडतात.

चार वर्षांखालचं शिंगरू असेल तर स्वार बसवायची घाई नको. मणक्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा, साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो. शर्यतीच्या गाडीला पळवलेला घोडा असेल तर आधी काही आठवडे नुसता दोरीवर, संथ कदम चालीत, म्हणजे साध्या चालण्याच्या गतीत, फिरवा. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारालाही हे समजावून सांगा, नाहीतर सकाळी तुम्ही सैल केलेली पाठ संध्याकाळी तो मिरवणुकीच्या थाटात आवळून आणेल.

पहिल्या दिवसाचं काम वीस मिनिटांचंच ठरवा: कदम चाल, 20 मीटरचं मोठं वर्तुळ डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन्ही दिशांनी, आणि शेवटी लगाम लांब सोडून दोन फेऱ्या.